मांडलिक राजाचा बोलका खुर्दा

नाण्यावर राजा असतो, देवी असते, फार तर घोडा किंवा सिंह असतो. पण खुर्ची? इसवी सनाच्या पहिल्या शतकात काळ्या समुद्राच्या उत्तर काठावरच्या एका राजाने आपल्या कांस्याच्या नाण्यावर चक्क रिकामी खुर्ची छापली. पाठ नसलेली, वाकड्या पायांची, अस्सल रोमन घाटाची. तिच्यावर पानांचा मुकुट ठेवलेला. सोबत राजदंड, आणि त्याच्या टोकाला सम्राटाचं इवलंसं डोकं. नाणं उलटवलं की ढाल, भाला, शिरस्त्राण, तलवार आणि मधूनच डोकावणारं घोड्याचं तोंड.

हा सगळा रोमहून आलेला मान. मित्र म्हणवणाऱ्या राजांना हस्तिदंती राजदंड, भरजरी वस्त्रं आणि अशी मानाची खुर्ची द्यायची रोमची जुनी रीत होती. बाकीचे राजे त्या वस्तू दरबारात मिरवत असतील. आपल्या या कोतिस राजाने त्या रुखवतासारख्या नाण्यावर मांडल्या आणि कडेने ग्रीक अक्षरांत लिहून टाकलं की हे मानमरातब राजा कोतिसचे, आस्पुर्गसच्या मुलाचे. मासळी घ्यायला बाजारात गेलेल्या बाईच्या मुठीत राजाच्या भेटवस्तूंची यादी! पुढच्या दोन राजांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनीही तीच खुर्ची पुन्हा पुन्हा छापली.

हे बॉस्पोरस ते नव्हे

कोतिसच्या राज्याचं नाव बॉस्पोरस. बॉस्पोरस म्हटलं की इस्तंबूल आठवतं. हे दुसरं. काळा समुद्र आणि अझोव्हचा समुद्र यांना जोडणारी जी चिंचोळी सामुद्रधुनी आहे, तिच्या दोन्ही तीरांवर हे राज्य पसरलं होतं. राजधानी पँटिकॅपिअम, म्हणजे आजचं क्रिमियातलं केर्च. मिलेटसहून आलेल्या ग्रीक वसाहतवाल्यांनी हे शहर वसवलं. पलीकडच्या तामानच्या बाजूला फॅनागोरिया. धंदा दोन गोष्टींचा, धान्य आणि मासळी. इ.स.पू. चौथ्या शतकात अथेन्सला इथूनच गहू जायचा. वर्षाला चार लाख मेडिम्नॉस (धान्याचं ग्रीक माप) इतका, असं डेमॉस्थेनिस हा वक्ता भर न्यायालयात सांगून गेला आहे.

लोक मात्र नुसते ग्रीक नव्हते. सिथियन, सर्मेशियन, मियोटियन अशी सगळी मिसळ होती. लिहायची भाषा ग्रीक, घोड्यावर बसायची तऱ्हा सर्मेशियन, आणि पहिल्या शतकापासून डोक्यावर हात रोमचा. मांडलिक राज्य म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. बाकीची मांडलिक राज्यं रोमने एकेक करून गिळली. हे मात्र तीनशे वर्षांहून जास्त काळ टिकलं आणि तेवढा काळ स्वतःची नाणी पाडत राहिलं.

सोनं दरबारी, तांबं घरगुती

या राजांना एक सवलत होती. सोन्याचं नाणं पाडायची. रोमच्या इतर मांडलिकांना ती बहुधा स्वप्नातही मिळाली नसती. पण सवलतीसोबत अदबही आली. पहिल्या शतकाच्या सुरुवातीच्या कित्येक सोन्याच्या नाण्यांवर एका बाजूला ऑगस्टस आणि दुसऱ्या बाजूला त्याचा जावई व सेनापती अग्रिपा. मग नाणं पाडणारा राजा कुठे आहे? शोधा. डोक्याशेजारी दोन-तीन अक्षरं एकमेकांत गुंतवून केलेली एक बारीकशी खूण दिसेल. ती त्याची. स्वतःच्याच सोन्यावर राजा असा कोपऱ्यात अंग चोरून उभा.

खरी गंमत म्हणून खुर्द्यात. सोन्याचं नाणं परदेशी व्यापाऱ्याच्या, सैन्याच्या, रोमन अधिकाऱ्याच्या हाती जाणार, तिथे तोलूनमापून बोलायचं. तांब्या-कांस्याची चिल्लर घरच्या बाजारात फिरणार. तिच्यावर राजे मोकळे होतात. देऊळ दाखवतात, आईचा चेहरा छापतात, वेशीचा दरवाजा कोरतात, युद्ध जिंकलं की पायाशी कैदी आणि शेजारी विजयचिन्ह दाखवून छाती फुगवतात. नाणेसंग्राहक सोन्यामागे धावतात, धावू देत. कथा चिल्लरीत आहेत.

बारा, चोवीस, अठ्ठेचाळीस

या नाण्यांवर किंमत लिहिलेली असते. आपल्याला त्यात काय नवल, पण प्राचीन काळी बहुतेक नाण्यांवर ती नसायची. वजन, आकार आणि चेहरा बघून लोक समजून घ्यायचे. बॉस्पोरसच्या टांकसाळीने मात्र सरळ आकडा टाकला. ग्रीकांकडे आकड्यांसाठी वेगळी चिन्हं नव्हती, अक्षरंच आकड्यांचं काम करायची. आयोटा म्हणजे दहा, बीटा म्हणजे दोन, दोन्ही मिळून बारा. काप्पा आणि डेल्टा म्हणजे चोवीस. म्यू आणि ईटा म्हणजे अठ्ठेचाळीस. प्रत्येक पुढचं नाणं मागच्याच्या दुप्पट, हिशेबाला एकदम सुटसुटीत. अभ्यासकांनी रोमन नाण्यांशी मेळ घातला तेव्हा बाराचं नाणं म्हणजे रोमनांचा एक अ‍ॅस, चोवीसचं डुपाँडियस आणि अठ्ठेचाळीसचं सेस्टर्शियस असा जोड लागला. मोजणी आपली, मोल रोमचं.

पुढे दुसऱ्या शतकाच्या अखेरीस दुसरा सौरोमातिस गादीवर होता तेव्हा एक नवी अक्षरमाळ दिसू लागते. ऱ्हो, म्यू, डेल्टा. शंभर, चाळीस, चार. एकशे चव्वेचाळीस! खुर्द्यावर इतका मोठा आकडा छापायची वेळ आली म्हणजे बाजारात काय चाललं असेल, ते वेगळं सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको.

दोघे भाऊ, एक गादी

आता या नाण्यांमागचं सगळ्यात चमचमीत प्रकरण.

आस्पुर्गस राजा इ.स. ३७-३८ च्या सुमारास गेला. मागे राणी गेपैपिरिस आणि दोन मुलं, मिथ्रिडेटिस आणि कोतिस. राणीच्या नावाने बाराची नाणी निघाली. एका बाजूला ती स्वतः, दुसऱ्या बाजूला उंच टोपलीवजा मुकुट घातलेली देवी. मग मिथ्रिडेटिस गादीवर आला आणि त्याने आपल्या नाण्याच्या मागच्या बाजूला राणीचा चेहरा कायम ठेवला. ती त्याची सख्खी आई की सावत्र, यावर विद्वानांचं एकमत नाही. मुखवटा पुढे मुलाचा, पाठबळ आईचं, इतकं तरी नाणं सांगतंच.

याच मिथ्रिडेटिसच्या दुसऱ्या एका नाण्यावर सम्राटाचा पत्ता नाही. तिथे आहे सिंहाचं कातडं पांघरलेली हेराक्लीसची गदा, बाणांचा भाता आणि पोसायडनचा त्रिशूळ. हे राजे स्वतःला हेराक्लीस आणि पोसायडन या दोघांचे वंशज म्हणवून घेत. मासळीवर जगणाऱ्या राज्याला समुद्रदेव पूर्वज म्हणून सोयीचाच. पण रोमच्या मांडलिकाने शस्त्रांचा असा संच छापावा, हे लक्षण जरा वेगळं होतं. नाव तर त्याहून वेगळं. रोमला पाव शतक छळणारा पाँटसचा मिथ्रिडेटिस सहावा याच पँटिकॅपिअममध्ये इ.स.पू. ६३ मध्ये मेला होता. जन्मभर थोडंथोडं विष घेऊन त्याने अंगाला सवय लावलेली, त्यामुळे ऐनवेळी विष काही चढेना, शेवटी आपल्याच माणसाच्या तलवारीने सुटका करून घ्यावी लागली, असं सांगतात. केर्चमधल्या एका टेकडीला आजही त्याचंच नाव आहे. नव्या मिथ्रिडेटिसलाही रोमविरुद्ध उठायचं होतं. त्याने आधी सलोख्याचा देखावा म्हणून धाकट्या भावाला, कोतिसला, सम्राट क्लॉडियसकडे पाठवलं.

कोतिसने रोममध्ये पोचून भावाचा सगळा बेत सांगून टाकला. बक्षीस म्हणून राज्य मिळालं.

मिथ्रिडेटिस काही वर्षं स्टेप या गवताळ प्रदेशातल्या टोळ्यांच्या मदतीने लढला आणि इ.स. ४९ मध्ये हाती लागला. रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की क्लॉडियससमोर उभं केल्यावरही त्याची रग गेली नव्हती. आपल्याला इथे कुणी पाठवलेलं नाही, आपण आपल्या पायांनी आलो आहोत, पटत नसेल तर सोडून द्या आणि मग शोधून दाखवा, अशा अर्थाचं काहीतरी त्याने सम्राटाला सुनावलं. क्लॉडियसने जीव घेतला नाही. पुढे जवळजवळ वीस वर्षांनी, सम्राट गॅल्बाच्या कारकिर्दीत, भलत्याच कटात नाव आल्यामुळे त्याला मारण्यात आलं.

आणि कोतिस? भावाची चहाडी करून मिळालेल्या गादीवर बसून त्याने जी बाराची नाणी पाडली, त्यांच्या एका बाजूला क्लॉडियस आहे आणि दुसऱ्या बाजूला क्लॉडियसची बायको अग्रिपिना. स्वतः कोतिस तीन अक्षरं गुंफलेल्या खुणेत मावला आहे. कृतज्ञता अशी असावी! पुढे रोममध्ये नीरो आला, त्याने पॉपीयाशी लग्न केलं. लगेच कोतिसच्या नाण्यावर नीरो आणि पॉपीया. लग्न इ.स. ६२ मधलं, पॉपीया वारली ६५ मध्ये, म्हणजे ते नाणं या तीन वर्षांतलं. सम्राटाची बायको बदलली की हजार कोसांवर साचा बदलायचा, ही दक्षता पाहून हसू येतं. पण भावाचं काय झालं ते कोतिसला रोज आठवत असणार.

नावातच सगळा नकाशा

आस्पुर्गसपासून या घराण्याने रोमन नागरिकत्वाबरोबर तिबेरियस ज्युलियस हे नाव उचललं. त्याला मागे जोडलेलं नाव मात्र घरचं. कोतिस, रेस्कुपोरिस, रोमेटाल्किस ही थ्रेसमधली नावं. सौरोमातिस म्हणजे सर्मेशियन टोळीवरून आलेलं. त्यामुळे ग्रीक लिपीत लिहिलेलं, रोमन सुरुवात असलेलं, स्टेपच्या घोडेस्वारांची आठवण देणारं असं एकच लांबलचक नाव नाण्याच्या कडेने फिरतं आणि जागा कमी पडली की आखूड होतं. शिलालेखांत तर याच्या पुढे सीझरचा मित्र, रोमनांचा मित्र, सम्राटांच्या पूजेचा आजन्म पुजारी अशी बिरुदांची माळ. नाण्यावर एवढं कुठे मावणार?

चेहरे पाहा. रोमन सम्राटाचे केस कापलेले. समोरच्या बाजूला राजा मात्र खांद्यापर्यंत केस सोडलेला, वर ग्रीक राजांची फीत बांधलेली, पुढच्या काळात दाढीही. दोन्ही चेहरे एकाच तुकड्यावर. राजकारणात मान झुकवली तरी केस कापले नाहीत.

देवीने राक्षसांना कसं फसवलं

खुर्द्यावरची लाडकी देवी अफ्रोडायटी. पण प्रेमाबिमाची नाजूक अफ्रोडायटी नव्हे. ही सिंहासनावर ठाण मांडून बसलेली, हातात गोल धरलेली, आकाशाची मालकीण. फॅनागोरियाच्या बाजूला तिचं मोठं ठाणं होतं आणि स्ट्रॅबो या भूगोलकाराने तिची कथा नोंदवून ठेवली आहे.

राक्षस तिच्यावर चालून आले. देवीने हेराक्लीसला बोलावलं आणि एका गुहेत लपवलं. मग राक्षसांना निरोप धाडला की या, पण एकेक करून या. एकेक आत आला आणि हेराक्लीसने एकेकाला लोळवला. मांडलिक राज्याला याहून शोभेल अशी देवी कुठून मिळणार? समोरासमोर लढाई टाळायची, पाहुण्याला हसून आत घ्यायचं आणि गुहेत आपला माणूस तयार ठेवायचा. नाण्यावर ती अगदी शांत बसलेली दिसते.

म्हाताऱ्याचा उपास, राणीची तीन लग्नं

थोडं मागे जाऊ. ज्युलियस सीझरने इ.स.पू. ४७ मध्ये झेला इथे ज्याला चुटकीसरशी हरवलं आणि ज्यावरून त्याचे ते तीन प्रसिद्ध शब्द निघाले, तो फार्नासिस इथलाच राजा, मिथ्रिडेटिस सहाव्याचा मुलगा. हरून परत आला तर घरी त्याचाच कारभारी असँडर दार लावून बसलेला. फार्नासिस मेला, असँडर मालक झाला. त्याची सुरुवातीची नाणी पाहिली तर तो स्वतःला नुसता आर्कन, म्हणजे मुख्य कारभारी म्हणवतो. काही वर्षांनी नाण्यावर राजा हा शब्द येतो. बढती कधी झाली ते साच्यात दिसतं. चित्र बहुतेक एकच, गलबताच्या नाळेवर उभी विजयदेवी. समुद्रावरच्या चाच्यांना घाबरणाऱ्या राज्याला हेच चित्र हवं होतं.

असँडर खूप जगला. नव्वदीतही घोड्यावरून लढायचा म्हणे. शेवटी स्क्रिबोनियस नावाचा एक तोतया उपटला. मी मिथ्रिडेटिसचा नातू, म्हणाला. लोक त्याच्या बाजूला जाताना पाहून म्हाताऱ्याने अन्न सोडलं आणि वयाच्या ९३ व्या वर्षी प्राण सोडला, अशी नोंद दीर्घायुषी माणसांवरच्या एका प्राचीन पुस्तकात आहे. पानिपतानंतरचा तोतया भाऊसाहेब ज्यांना ठाऊक आहे, त्यांना स्क्रिबोनियसची ओळख वेगळी करून द्यायला नको.

असँडरची बायको डायनॅमिस ही मात्र मिथ्रिडेटिसची खरीखुरी नात. तिच्यामुळे गादीला वजन. म्हणून असँडर गेल्यावर तोतयाने तिच्याशी लग्न केलं, आणि तोतया मारला गेल्यावर रोमने पाठवलेल्या पोलेमोनेही. तिचं स्वतःच्या नावाचं सोन्याचं नाणं आहे, इ.स.पू. १७-१६ चं, मागे चंद्रकोर आणि तारा. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच नमुने उरले आहेत. चंद्र-ताऱ्याचं ते चिन्ह तिच्या आजोबांच्या घराण्याचं. रोमच्या सगळ्यात हट्टी शत्रूची खूण रोमच्या मैत्रिणीच्या नाण्यावर, आणि रोमने काणाडोळा केला.

टपाल, खंडणी आणि एक मृत्यू

नाण्यावरचा राजा खरंच होता का, असं कुणी विचारलं तर साक्षीदार आहेत. धाकटा प्लिनी रोमच्या बिथिनिया प्रांताचा कारभार पाहत असताना, इ.स. ११० च्या जरा पुढे, राजा सौरोमातिसचा जासूद त्याच्याकडे आला. सम्राट ट्रेजनला तातडीची पत्रं पोचवायची होती. प्लिनीने सरकारी घोडे वापरायचा परवाना देऊन त्याला रवाना केलं आणि ट्रेजनला तसं कळवलं. तो पत्रव्यवहार आजही वाचायला मिळतो. खुर्ची छापणाऱ्यांपैकी एक सौरोमातिस, तो हाच.

इ.स. १३१ च्या सुमारास एरियन हा रोमन अधिकारी काळ्या समुद्राची पाहणी करत होता. त्याने हेड्रियन सम्राटाला लिहिलं की बॉस्पोरसचा राजा कोतिस वारल्याचं कळलं, म्हणून तिथवरच्या जलमार्गाचीही माहिती जोडत आहे, न जाणो तुम्हाला काही ठरवायचं असेल. हा कोतिस दुसरा, आधीच्या चहाडखोराचा वंशज. नाण्यांवर याच सुमारास रोमेटाल्किसचा चेहरा सुरू होतो. पुस्तक आणि नाणं असं जोडीने बोलायला लागलं की इतिहासकार खूश.

तिसरा साक्षीदार मोठा मिश्कील. लुशियन हा उपहासकार समुद्रकिनारी अडकला होता. एका ढोंगी बाबाने त्याला खलाशांकरवी बुडवायचा घाट घातला होता, त्यातून तो जेमतेम वाचला. तिथे त्याला भेटले राजा युपेटरचे वकील, बिथिनियाला सालाबादचा हप्ता पोचवायला निघालेले. त्यांनी त्याला आपल्या जहाजात घेतलं. जगातल्या एका उत्तम विनोदी लेखकाचा जीव बॉस्पोरसच्या खंडणीच्या गलबताने वाचवला, असं म्हणायला हरकत नाही. याच युपेटरच्या सोन्याच्या नाण्याच्या मागे एकाऐवजी दोन सम्राट समोरासमोर आहेत, मार्कस ऑरेलियस आणि लुशियस व्हेरस. इ.स. १६१ मध्ये रोमला दोन सम्राट मिळाले, मांडलिकाने दोघांनाही जागा करून दिली. उगाच कुणाची नाराजी नको.

साल उलटं वाचा

बॉस्पोरसच्या सोन्यावर वर्ष छापलेलं असतं. कालगणना इ.स.पू. २९७ पासून मोजायची, आणि अक्षरं अनेकदा एकक, दशक, शतक अशा उलट्या क्रमाने. ईटा, लँब्डा, खी असं दिसलं तर आठ, तीस, सहाशे, म्हणजे ६३८. त्यातून २९७ वजा करा, इ.स. ३४१ निघालं. वर्ष शरदात सुरू व्हायचं म्हणून ३४१-४२ असं लिहितात. झालात नाणकशास्त्री.

त्या काळी नाण्यावर वर्षानुवर्षं न चुकता साल छापणारे थोडेच होते. त्यातले एक आपल्याकडचे, पश्चिम क्षत्रप. त्यांच्या इवल्याशा चांदीच्या नाण्यांवर दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून राजाच्या डोक्यामागे शकाचं वर्ष येतं आणि कडेला घासून अर्थ हरवलेली ग्रीक अक्षरंही दिसतात. सौरोमातिसच्या केर्चचा आणि क्षत्रपांच्या उज्जैनचा एकमेकांशी काही व्यवहार नव्हता. पण राजांची वर्षं आज दोन्हीकडे इतकी नेमकी सांगता येतात, ती या सवयीमुळेच.

सोन्याचं तांबं होताना

किमयागार तांब्याचं सोनं करू पाहतात. बॉस्पोरसच्या टांकसाळीने उलटं करून दाखवलं, आणि तेही सालवार नोंद ठेवून. पहिल्या शतकात स्टेटर हे त्यांचं सोन्याचं नाणं आठ ग्रॅमच्या जवळ, पिवळंधमक. दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून रंग उतरू लागला, चांदीची भेसळ वाढली. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात फिकट, मग पांढुरकं, मग चांदीत तांबं, आणि शतकाच्या उत्तरार्धात नुसतं तांबं. नाव तेच, वजन साधारण तेच, राजा आणि सम्राट आपापल्या बाजूला, साल जागच्या जागी. फक्त सोनं गेलं.

काळही तसाच होता. गॉथ आणि बोरान या टोळ्या दारात आल्या. इतिहासकार झोसिमस सांगतो की बॉस्पोरसच्या लोकांनी त्यांना समुद्र ओलांडायला आपली जहाजं दिली. कारण जुनं घराणं बाजूला पडून भलतेच लोक सत्तेवर आले होते. रोमच्या मित्राच्या जहाजांतून रोमचे शत्रू आशियाच्या किनाऱ्यावर उतरले.

चौथ्या शतकाच्या उंबरठ्यावर थोथोर्सिस राजाची तांबडी स्टेटर सापडतात ती ढिगाने. कोरीव काम राकट, सम्राटाचा चेहरा चार रेघांत उरकलेला, आणि त्याच्यासमोर एक नवीन पाहुणा, स्टेपवरच्या टोळ्या घोड्यांवर डागायच्या तसली खूण. ग्रीक अक्षरं अजून आहेत, पण त्यांना धाप लागली आहे. शेवटचं साल ते वर सोडवलेलं, ६३८. रेस्कुपोरिस नावाचा राजा. त्यानंतर टांकसाळीत ठोका नाही.

नाणी मात्र चालूच राहिली. फॅनागोरियाच्या उत्खननात अलीकडेच सहाव्या शतकातल्या जळिताच्या थरात एका फुटक्या कुंभात ऐंशीच्या आसपास तांब्याची स्टेटर सापडली. पाडणारं राज्य इतिहासजमा झालेलं, नाण्यावरचे सम्राट दोन-अडीचशे वर्षांपूर्वी मेलेले, आणि तरी कुणीतरी ती घाईघाईने कुंभात कोंबली. म्हणजे मासळीबाजारात ती तेव्हाही खपत होती. नवी चिल्लर कुणी देत नसेल तर जुनीच चालवायची, त्याला कुठल्या राजाची परवानगी लागते?

हरवलेली सूटकेस

केर्चमध्ये १८२६ सालापासून संग्रहालय आहे. १९४१ मध्ये जर्मन फौजा जवळ आल्यावर तिथल्या निवडक सोन्या-चांदीच्या वस्तू, त्यात प्राचीन नाणीही, एका सूटकेसमध्ये भरून सामुद्रधुनीपलीकडे कुबानला हलवल्या. १९४२ मध्ये तिथेही शत्रू आला आणि सूटकेस नाहीशी झाली. सोनेरी सूटकेस या नावाने ती रशियात दंतकथा होऊन बसली आहे, तिच्यावर कादंबऱ्या निघाल्या. त्याच १९४२ मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात अलेक्झांडर झोग्राफ गेले. हर्मिटाज संग्रहालयातले ते नाणेतज्ज्ञ. काळ्या समुद्राकाठच्या नाण्यांवरचा त्यांचा पायाभूत ग्रंथ १९५१ साली, त्यांच्या मागे, छापून आला. आजही या खुर्द्याची चर्चा त्यांच्या नावापासून सुरू होते.

ही बाई कोण?

एक भांडण राहिलंच. ऑगस्टसच्या काळात पँटिकॅपिअमचं नाव बदलून सीझरिया केलं आणि फॅनागोरियाचं अग्रिपिया. खुशामतीचा सरळ मामला, शहरांची नावं बदलण्याची हौस काही आजची नाही. त्या नव्या नावांची छोटी कांस्य नाणी निघाली आणि दोन्ही शहरांच्या नाण्यांवर डोक्यावरून पदर घेतलेली एकच स्त्री आहे. कोण ती? एक पक्ष म्हणतो ऑगस्टसची बायको लिव्हिया, कारण डायनॅमिसने तिचा पुतळा उभारल्याचा लेख सापडला आहे. दुसरा म्हणतो ही डायनॅमिस स्वतःच, लिव्हियासारखी केशभूषा करून बसलेली. तिसरा मधेच अफ्रोडायटीचं घोडं दामटतो. नाण्यावर शहराचं नाव आहे, बाईचं नाही. डायनॅमिसने आजोबांचा चंद्र-तारा रोमच्या डोळ्यांदेखत सोन्यावर छापला होता, तेव्हा लिव्हियाच्या पदराआड स्वतःचा चेहरा खपवणं तिला काही जड गेलं नसतं. माझं मत दुसऱ्या पक्षाला.